एक, एक आणि एक

सरकारी नोकरीत लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दुसऱ्या खेपेला सोनोग्राफीत जुळं असल्याचं कळलं, तेव्हा २००५ सालचे ते नियम मी काढून नीट वाचले. नवरा, बायको आणि दोन मुलं, ही लहान कुटुंबाची व्याख्या. तिच्याखाली एक स्पष्टीकरण आहे. आधीचं एकच मूल असेल आणि नंतरच्या एकाच बाळंतपणात एकाहून जास्त मुलं झाली, तर ती सगळी मिळून एक घटक धरायची. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला दोन अपत्यांची जी अट आहे, तिच्यातही हीच सोय ठेवलेली आहे.

आमच्या घराचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. थोरली मुलगी, आणि तिच्या पाठीवर जुळी, एक मुलगा आणि एक मुलगी. नियम करणाऱ्यांनी इथे माणुसकी दाखवली आहे. जुळं होणं कुणाच्या हातात नसतं. ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एखादं जुळं निसर्गतःच होतं. त्यापायी कुणाची नोकरी किंवा सरपंचपद जाऊ नये, हे न्यायाचंच आहे. पण ही मोजणी कागदावर येण्याच्या फार आधीपासून लोकांच्या तोंडी आहे. जुळी निजली का? जुळ्यांना न्हाऊ घातलं का? जुळ्यांचं वजन वाढतंय ना? दोन जीव एका दमात विचारले जातात, आणि त्यांच्या पलीकडे थोरली एकटी उभी राहते. एकीकडे जुळी, दुसरीकडे ती.

शरीराचा हिशेब वेगळंच सांगतो. मुलगा आणि मुलगी असं जुळं दोन वेगळ्या बीजांतून वाढतं. ती दोघं एका पोटात एका वेळी राहिली, इतकंच. रक्ताने ती एकमेकांना जेवढी जवळची, तेवढीच थोरलीला जवळची. तिघंही सख्खी भावंडं, ना कमी ना जास्त. हे मला डॉक्टरांनी सहज बोलता बोलता सांगितलं आणि ते माझ्या मनात घर करून बसलं. पुढचे सगळे महिने मी या एका गोष्टीसाठी झटले, की घरात मोजताना एक, एक आणि एक असं मोजलं जावं.

माझं माहेर शिरूर, सासर दौंड. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि दौंड भीमेच्या काठी वसलेलं. न्हावरा, चौफुला, पाटस करत एका घरातून दुसऱ्या घरी जायचं. दोन्ही गावं पुणे जिल्ह्यातली, पण कूस वेगळी. शिरूर नगर रस्त्यावरचं, बाजारपेठेचं, भोवती ऊस आणि जवळच रांजणगावची एमआयडीसी. तिथे रेल्वे नाही. दौंड पुरतं रेल्वेचं. १८७८ साली इथून मनमाडची लाइन निघाली आणि गाव जंक्शन झालं. दौंडच्या लेकरांना इंजिनाच्या भोंग्याने जाग येत नाही, उलट तो ऐकू आला नाही तर ती चुळबुळतात.

थोरलीचा जन्म रीतीप्रमाणे माहेरी झाला. या खेपेला सातव्या महिन्यापासूनच डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलं, म्हणून मी तिला घेऊन शिरूरला आले. आई रोज अळिवाची खीर देई, आणि शेजारच्या काकू न चुकता विचारत, “जुळं केळं खाल्लं होतंस का गं?” आमच्याकडे बाईने जोडकेळं खाऊ नये म्हणतात, खाल्लं तर जुळं होतं, अशी समजूत. थोरलीने हे ऐकलं आणि त्यानंतर कुणी केळं दिलं की आधी ते फिरवून बघायची. आईचं घर गावाच्या कडेला आहे. उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, त्यामुळे दिवस कलला की शिरूर तालुक्यात लेकरं अंगणात ठेवत नाहीत. थोरलीच्या संध्याकाळी घरातच जायच्या, माझ्या पोटावर कान ठेवून. आत दोघं आहेत हे तिला पटलेलं होतं. कोण बोलतंय ते तिला कळत नसे, म्हणून ती दोघांना आळीपाळीने हाक मारायची.

पस्तिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या आणि मला पुण्याला हलवलं. जुळी वेळेआधी येतात हे माहीत होतं. सदतीस आठवडे पुरे होण्याआधी निम्म्याहून जास्त जुळी जन्मतात. मुलगी दोन किलोच्या थोडी वर, मुलगा थोडा खाली. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात, त्यामुळे दोघांनाही नवजात कक्षात ठेवलं. तिथे लहान मुलांना आत सोडत नाहीत. थोरली शिरूरला आजीपाशी राहिली.

त्या कक्षात मला एक गोष्ट कळली, ती प्रत्येक घराला कळावी असं वाटतं. परिचारिकेने मुलीला उघड्या अंगाने माझ्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं आणि सांगितलं, असंच तासन् तास राहू दे. याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टर एडगर रे यांनी ती सुरू केली, कारण त्यांच्या रुग्णालयात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त होती. आईच्या अंगाची ऊब त्यांनी औषधासारखी वापरली. माझी छाती मुलीने अडवलेली, मग मुलाचं काय? परिचारिका नवऱ्याला म्हणाली, “दादा, शर्ट काढा.” दोन खुर्च्या शेजारी शेजारी. एकीवर मी, एकीवर तो. त्याच्या छातीवर मुलगा पाय दुमडून बेडकासारखा निजला आणि कण्हायचा थांबला. ऊब द्यायला फक्त आईच लागते असं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून घरातल्या कुठल्याही कामाबद्दल ‘हे आईनेच करायचं’ असं कुणी म्हटलं, की मला ती दुसरी खुर्ची आठवते.

इकडे शिरूरला आईने पाचवी पुजली. लेकरं पुण्याला आणि पूजा घोडनदीला, पण सटवाईला अंतर नसतं, असं तिचं म्हणणं. पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं, दिवा लावला. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणतात, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. जुळी म्हणून आईने दोन कागद ठेवले. थोरली हे सगळं मांडी घालून बघत होती. तिने विचारलं, “माझा कागद?” आई म्हणाली, “तुझं लिहून झालंय बाळा, तू पाच दिवसांची होतीस तेव्हाच.” थोरलीने विचार केला आणि म्हणाली, “तेव्हा मी एकटी होते. आता ताई नाही का लिहायची राहिली?” तिला म्हणायचं होतं, की आता मी ताई झाले, ते त्या जुन्या कागदावर नसणार. आईने वहीचं पान फाडून दिलं. थोरलीने ते आधीच्या दोघांच्या मधोमध ठेवलं आणि सटवाईला सोपं जावं म्हणून वर एक फूल काढून ठेवलं.

आईने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी कक्षाबाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि ते रडणं समाधानाचं होतं. साडेचार वर्षांच्या मुलीला जे कळलं ते आम्हा मोठ्यांच्या ध्यानात नव्हतं. दोन बाळं जन्मतात तेव्हा घरात आणखी एक जण नव्याने जन्मतं. कालपर्यंत एकुलती असलेली मुलगी त्या दिवसापासून ताई असते. तिचीही पाचवी असायला हवी, तिचंही बारसं. आपल्या रीतींत बाळाला बाळंतविडा आहे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू आहेत, आजीला लुगडं आहे. थोरल्या भावंडासाठी मात्र काही नाही. त्याला फक्त एक वाक्य मिळतं: आता तू मोठी झालीस.

आम्ही दौंडला घरी आलो आणि माणसांची रीघ लागली. येणारं प्रत्येक जण झबली-टोपडी जोडीने आणायचं. थोरलीच्या गालाला हात लावून बायका म्हणायच्या, “गुणाची गं पोर, पाठीवर भाऊ घेऊन आली.” हे कौतुकच होतं, मनापासून केलेलं. तरी त्यात दोन मुली झाकल्या जात होत्या. एक, जी पाठीवर भाऊ आल्यामुळे गुणाची ठरली. दुसरी, जी भावाच्या जोडीने आली आणि जिचं नाव कुणी घेत नव्हतं. सासूबाईंना ते आधी जाणवलं. त्या जुन्या वळणाच्या, पण बोलायला खणखणीत. एका बाईला त्या सरळ म्हणाल्या, “भाऊ आलाय तशी बहीणही आलीय. आणि ही गुणाची होतीच, कुणी यायच्या आधीपासून.” त्या दुपारी सासूबाईंनी माझ्या मनात जी जागा मिळवली, ती कायमची.

दुधाची चर्चा तर दारातून आत येणाऱ्या प्रत्येकीला करायचीच असे. दोघांना तुझं दूध पुरतं का? वरचं चालू कर. गाईचं पातळ करून दे. पहिले काही दिवस मुलाला ओढायची ताकद नव्हती, म्हणून दूध काढून वाटी-चमच्याने पाजावं लागलं. एकेका वेळेला अर्धा-पाऊण तास. पण अंगावरच्या दुधाचा न्याय साधा आहे. जेवढं ओढलं जातं तेवढं तयार होतं. दोघं ओढतात तर दोघांपुरतं. डॉक्टर आणि घरोघरी येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका आशाताई, दोघांनीही हेच सांगितलं, सहा महिने दुसरं काही नाही, पाणीसुद्धा नाही. दोन काखांत दोन उशा, त्यांवर दोन डोकी, असं एका वेळी पाजायला मी शिकले, तेव्हा दिवसात श्वास घ्यायला जागा झाली.

याच बोलण्यात आईने धाराऊची गोष्ट काढली. आमच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजीराजांची समाधी आहे, त्यामुळे शंभूराजांचं नाव आमच्या घरात आल्या-गेल्यासारखं घेतलं जातं. सईबाई आजारी होत्या, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिने बाळ शंभूराजांना आपलं दूध पाजलं. १६५९ साली सईबाई गेल्या, तेव्हा शंभूराजे दोन वर्षांचे होते. आईच्या सांगण्यात धाराऊचा त्याग होता. मला त्या दिवशी धाराऊच्या घरातली मुलं दिसली. अंतोजी आणि रायाजी ही तिची मुलं. तिची ऊब, तिचा वेळ, तिची मांडी, यात दुसरं एक लेकरू आलं, तेव्हा त्यांनी काय केलं असेल? पुढे हे दोघे शंभूराजांच्या पाठीशी राहिले, असं सांगतात. रुसून ते दूर गेले नाहीत, म्हणजे त्या माउलीने आपल्या मांडीवर सगळ्यांची जागा राखली असणार. इतिहास दूध पिणाऱ्याची नोंद ठेवतो. ज्याने सरकून जागा दिली त्याची नोंद घरानेच ठेवायची असते.

दौंडला परतल्यावर आशाताई येऊ लागल्या. घरी येऊन नवजात बाळ तपासायची ही पद्धत आधी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हाती देऊन दाखवली, आणि नंतर ती देशभर आशांच्या कामात आली. बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या फेऱ्या असतात. कमी वजनाच्या बाळांवर त्यांचं पुढेही लक्ष राहतं. आशाताई पिशवीतून काटा काढायच्या. वर धरायची कडी, खाली हूक, हुकाला कापडाची झोळी. झोळीत बाळ ठेवून काटा उचलायचा, बाळ हवेत तरंगतं, नि सगळे श्वास रोखून काटा कुठे थांबतो ते बघतात. मुलीचं झालं, कार्डावर लिहिलं. मुलाचं झालं, त्याच्या कार्डावर लिहिलं. आशाताई झोळी घडी करू लागल्या तशी थोरली पुढे येऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात वर केले.

त्या काट्याला तिचं वजन पेलणारं नव्हतं. “तुझं अंगणवाडीत करू हं” म्हणून वेळ मारून नेता आली असती. आशाताईंनी तसं केलं नाही. त्या खाली बसल्या, पिशवीतलं घड्याळ काढलं आणि थोरलीला म्हणाल्या, “मला एक मदतनीस पाहिजे. हा लांब काटा इथून निघून परत इथे आला की मला ‘थांबा’ म्हणायचं. मी तोवर बाळाचे श्वास मोजते.” दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाला, तर तो धोक्याचा इशारा असतो, लगेच दवाखाना गाठावा लागतो. त्यामुळे ते मिनिट खोटं-खोटं नव्हतं, खरं होतं. थोरलीने घड्याळ दोन्ही हातांत धरलं, ओठ मिटले, आणि काटा वर आल्याबरोबर ‘थांबा’ म्हणाली. आशाताईंनी आकडा लिहिला. मग दुसऱ्या बाळाचं मिनिट. दोन मिनिटं झाल्यावर आशाताई म्हणाल्या, “झालं तुझं काम. आता खेळायला जा.”

हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. काम द्यावं, खरं द्यावं, आणि ते संपलं की मुलीला मोकळं करावं. आपण काम द्यायला शिकतो, संपलं म्हणायला विसरतो. ‘जरा बाळाजवळ बस’ यातल्या ‘जरा’ला शेवट नसतो. एक बाळ असतं तेव्हा आईचा एक हात तरी रिकामा असतो; जुळ्यांच्या घरी दोन्ही हात भरलेले, आणि जवळ तिसरा हात फक्त थोरलीचा. लंगोट आण, दुपटं दे, झोळीला झोका दे, आजीला हाक मार. प्रत्येक काम चिमुकलं, मायेचंही. पण दिवसभराची बेरीज केली तर तिचं खेळणं त्यात कुठेच उरत नाही.

ही बेरीज किती मोठी होऊ शकते, ते मी माझ्या वर्गात पाहते, आणि शिरूर-दौंडच्या रस्त्यावरही. दिवाळीनंतर आमच्या या पट्ट्यात ऊसतोड सुरू होते. बीड, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल दोघांच्या मिळून कामावर दिलेली. शेताकडेला कोप्या पडतात. पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात, आणि कोपीपाशी उरते ती थोरली. एकदा शिरूरहून दौंडला येताना न्हावऱ्याच्या पुढे आमची गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. रस्त्याकडेच्या कोपीपाशी सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. कडेवर बाळ, इतकं मोठं की तिची कंबर एका बाजूला झुकलेली. दुसऱ्या हाताला चालायला लागलेलं आणखी एक. बाळ घसरलं की ती गुडघा उचलून त्याला वर सरकवायची. सवयीचं, न बघता. थोरली खिडकीतून बघत राहिली. तिने विचारलं, “तिच्या आशाताई कुठे आहेत? तिला कोण म्हणणार, आता खेळायला जा?”

मी शिक्षिका आहे. या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या कामाचा भाग आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा दिली. अंगणवाडी तीन वर्षांपासूनच्या मुलांना दिवसा बसवून घेते. पण सहा महिन्यांचं बाळ ते तीन वर्षांचं पोर, यांना दिवसभर कुणी सांभाळायचं, याची सोय बहुतेक गावांत नाही. ती पोकळी थोरल्या मुलीच्या कमरेने भरून काढली जाते. माझ्या हजेरीत गैरहजर मुलींची जी कारणं मी ऐकते, त्यांत ताप-खोकल्याच्या पाठोपाठ हेच येतं: “बाई, बाळाला धरायला कुणी नव्हतं.”

या प्रश्नाशी आपल्याकडे कुणी झुंजलंच नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर ते काम नेलं. तिथली वारली मुलं शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी घराघरात जाऊन पाहिलं. मुलगे गुरं राखत होते, मुली धाकट्यांना सांभाळत होत्या. ताराबाईंनी पालकांना दोष दिला नाही, मुलींना उपदेश केला नाही. गुरं राखणाऱ्यांसाठी त्यांनी कुरणावर शाळा नेली. धाकट्यांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणली. बहिणीला बाळापासून तोडायचं नाही आणि बाळासाठी घरी बसवायचंही नाही. बाळालाच तिच्या शाळेत आणायचं. इतका सरळ आणि इतका खोल विचार मी शिक्षणाच्या पुस्तकांत फार थोड्या ठिकाणी वाचला आहे. १९७५ नंतर अंगणवाड्या देशभर पसरल्या. त्या कल्पनेचं मूळ ताराबाईंच्या या कामात आहे.

आमच्या घरातही मी ताराबाईंचाच न्याय लावला. थोरलीला बाळांच्या कामात ओढायचं नाही. बाळांना तिच्या खेळात न्यायचं. दुपारी ती भातुकली मांडते, तेव्हा सतरंजीवर एका बाजूला मुलगा, एका बाजूला मुलगी. ती त्यांना वाटीतला खोटा चहा देते, दम देते, गोष्ट सांगते. खेळ तिचा, नियम तिचे. कंटाळली की उठून जाते आणि कुणी तिला ‘बाळांजवळ थांब’ म्हणत नाही. सासूबाई किंवा मी तिथे असतोच. गंमत अशी, की तिला सोडल्यापासून ती जास्त परत येते. मुलगा तिचा आवाज ओळखतो. ती खोलीत आली की हातपाय झाडू लागतो. मुलगी शांतपणे टक लावून बघते. दोघांचे स्वभाव निराळे आहेत हे घरात सगळ्यात आधी थोरलीने ओळखलं, कारण ती त्यांना ‘जुळी’ म्हणत नाही. दोघांची नावंच घेते, एकेकाचं, पूर्ण.

आणि तिचा एकटीचा वेळ असतो. रविवारी तिचे बाबा तिला दौंड स्टेशनवर नेतात. पुण्याहून मनमाडच्या लाइनला जाणाऱ्या काही गाड्यांना इथे तोंड फिरवावं लागतं. एका टोकाचं इंजीन सुटतं, बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला लागतं, आणि गाडी ज्या दिशेने आली त्याच बाजूने बाहेर पडून मनमाडची वाट धरते. हा खोळंबा टाळायला अलीकडे कॉर्ड लाइनचं वेगळं स्टेशन केलंय, पण थोरलीला हा खोळंबाच हवा असतो. बाबांचं बोट धरून ती पुलावर उभी राहते आणि माणूस खाली उतरून इंजीन कसं जोडतो, ते शेवटपर्यंत बघते. त्या वेळात कुणी तिला बाळांबद्दल विचारायचं नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. घरी येऊन ती आपण होऊन दोघांना सगळं सांगते. सांगायला काही असावं, म्हणून आधी एकटीने काही पाहिलेलं असावं लागतं.

ताईपण दिलेलं असतं तेव्हा ओझं होतं, आणि मुलाने आपल्या मनाने घेतलं की तो मान होतो. आमच्या घरात हे जमतं, कारण दोन आज्या आहेत, शर्ट काढून बसणारा बाप आहे, पगारी रजा आहे, दाराशी येणाऱ्या आशाताई आहेत. न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या त्या मुलीपाशी यातलं काहीही नाही. तिच्या आईबापाची माया माझ्याहून तसूभरही कमी नाही. त्यांच्या वाट्याला वेळच आलेला नाही. म्हणून घरातल्या मायेच्या गोष्टी सांगून थांबता येत नाही. साखर कारखान्याच्या प्रत्येक टोळीजवळ पाळणाघर हवं. प्रत्येक शाळेच्या आवारात तान्ह्यांसाठी एक खोली आणि एक मावशी हवी. हे मागणं नवं नाही; कोसबाडला ते करून दाखवलेलं आहे.

तोवर माझ्या हातात माझा वर्ग आहे. रजा संपवून मी शाळेत रुजू झाले, त्या आठवड्यात पालकसभेत उभं राहून सांगितलं आणि आता जून-दिवाळी दोन्ही वेळा सांगते. टोळीवरून येणाऱ्या मुलींना तर दारातच थांबवून सांगते: बाळाला घेऊन ये, चालेल. ते रडेल, तेही चालेल. आपण सगळे मिळून त्याला बघू. पण तू ये, आणि आलीस की आधी तुझी पाटी काढ.